भरपाईचा आवाज

विहिणीशी भांडायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नाही. मुलीची आई झालं की ते आपोआप अंगात येतं. आमच्या ईश्वरीच्या लग्नात विहिणीच्या पंगतीला जिलबी जरा कडक झाली होती, तर मी दहा वेळा माफी मागितली. शैलजाबाई बिचाऱ्या म्हणत होत्या, "अहो, मला कडकच आवडते." तरी मी आपली हात जोडूनच.

आणि अशा मला, या हेमलता पोवारला, सरकारनं कायदा करून विहिणीशी भांडायला लावलं! तेही रेडिओवर, अख्ख्या कासारघोळ गावाला ऐकू जाईल असं.

कासारघोळमध्ये मी 'लोकवाणी' नावाचं छोटं रेडिओ केंद्र चालवते. वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्या, एक मनोरा, आणि यंत्रं सांभाळायला तबस्सुम मुल्ला. पोरीनं इंजिनिअरिंग करून शहरातली नोकरी सोडली आणि इथं आली, कारण तिला म्हणे माणसांचे आवाज आवडतात. आमचं प्रक्षेपण घाटापर्यंत जातं, त्यापुढे खरखर. पण या टापूत चुलीशी, दुकानात, गोठ्यात आम्हीच. मोबाईलवर जग दिसतं, पण शेजारच्या आळीत पाणी कधी येणार ते लोकवाणीच सांगते.

आता तो कायदा. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी सरकार मिनिटं मोजायचं. एका पक्षाला दहा मिनिटं दिली की दुसऱ्याला दहा. मग वाहिन्यांनी काय करावं? या बाजूला तोफेसारखा बोलणारा माणूस बसवायचा आणि त्या बाजूला कुणीतरी पाप्याचं पितर, ज्याला स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो. मिनिटं समान, कायदा खूश, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ. म्हणून दुसरा कायदा आला, समतोल प्रसारणाचा. तो मिनिटं नाही, वजन मोजतो. त्यासाठी प्रत्येक केंद्रात समतोलक बसवावा लागतो. मिक्सरएवढं खोकं आहे. आम्ही त्याला तराजू म्हणतो.

हा तराजू दोन गोष्टी बघतो. पहिली म्हणजे बोलण्याचा कल. लाखो तासांची भाषणं, भांडणं, गप्पा ऐकवून त्याच्या आत अर्थाचा एक नकाशा तयार केलेला आहे. सारख्या अर्थाची वाक्यं त्यात जवळजवळ बसतात आणि विरुद्ध अर्थाची लांब. तुम्ही सरळ बोला, टोमणा मारा, म्हण वापरा, ते वाक्य नकाशावर कुठं पडतं ते त्याला कळतं. दुसरी गोष्ट तळमळ. माणूस मनापासून बोलतो तेव्हा श्वास आधीच भरून घेतो, स्वरतंतू ताणले जातात, आवाजात एक बारीक कंप येतो, शब्दांमधल्या जागा कमीजास्त होतात. हे सगळं एकत्र नाटकवाल्यांनाही फार वेळ जमत नाही. मिनिटं, कल आणि तळमळ यांचा गुणाकार म्हणजे वजन. दोन्ही पारडी साधारण सारखी हवीत.

आणि नाही झाली तर? तर भरपाई. जी बाजू हलकी पडली, तिच्या वतीनं तराजू स्वतः बोलतो, त्याच दिवशी दुपारी साडेबाराला. परका आवाज लोकांना आवडत नाही, म्हणून ज्या वक्त्याचं वजन कमी पडलं त्याच्याच आवाजात. तो वक्ता जे म्हणायला बघत होता आणि म्हणाला नाही, ते नकाशावरून शोधून काढतो आणि पुरेपूर तळमळ घालून ऐकवतो. परवाना घेताना आपण त्याला संमती दिलेलीच असते. निवडणुकीच्या काळात तीनदा भरपाई लागली की परवाना बंद, आणि तुमच्या फ्रिक्वेन्सीवर शहरातलं केंद्र सुरू. मग आमच्या आळीतल्या पाण्याचं कोण सांगणार?

यंदा नगरपंचायतीच्या निवडणुकीत प्रश्न एकच होता. गुरुवारचा बाजार गावात ठेवायचा की बायपासच्या माळावर न्यायचा. छत्री चिन्हवाले म्हणत ठेवा, कपबशी चिन्हवाले म्हणत हलवा. मी जन्माची छत्रीवाली, म्हणून त्या बाजूनं मीच बोलणार होते. उमेदवारांना कायद्यानं रेडिओवर बोलता येत नाही, साधा नागरिकच लागतो. कपबशीच्या बाजूनं आम्ही आधी तालमीला पतसंस्थेच्या मॅनेजरना बसवलं. भला माणूस अर्धा तास बोलला. तराजूनं त्यांची तळमळ जवळजवळ शून्य दाखवली. फक्त मध्ये त्यांनी मुदत ठेवीच्या नव्या योजनेचा विषय काढला, तेव्हा काटा टणकन वर गेला.

"मॅडम, खरंच ज्याला हवंय असं माणूस आणा," तबस्सुम म्हणाली.

असं माणूस ईश्वरीच्या घरच्या हळदीकुंकवाला सापडलं. बायका बाजाराबद्दल बोलत होत्या आणि शैलजाबाई एकदम म्हणाल्या, "बाजार हलायलाच हवा." एवढंच. पण असं म्हणाल्या की हातातली अत्तरदाणी तबकात आपटली. तबस्सुम माझ्या शेजारीच होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती कसली ऐकते. तिथंच जाऊन त्यांना विचारून मोकळी झाली, आणि त्या हो म्हणाल्या.

शैलजा देसाई म्हणजे आमच्या ओंकाररावांच्या आई. शिस्तीच्या, मोजकं बोलणाऱ्या. अरविंदराव, म्हणजे आमचे व्याही, वारले तेव्हापासून तर आणखीच मोजकं. हार्ट अटॅक आला, दवाखान्यात नेलं आणि तिथं गेले, एवढंच आम्हाला ठाऊक. गाडी स्वतः शैलजाबाईंनीच चालवत नेली होती.

पहिल्या सोमवारी 'आमनेसामने' सुरू झालं. माझं भांडण कसं चाललं होतं ते ऐका.

"बायपासवर गाड्या लावायला जागा आहे," शैलजाबाई म्हणाल्या. "गावात रस्ता अडतो."

"तसं तुमचंही बरोबरच आहे म्हणा," मी म्हणाले. "पण म्हटलं, म्हाताऱ्या बायका..."

"त्यांच्यासाठी रिक्षा ठेवता येतील."

"येतील की. तुम्ही एवढा विचार केलाय म्हणजे..."

काचेपलीकडे तबस्सुमनं कपाळाला हात लावला.

त्या दुपारी मी घरी भाकऱ्या थापत होते. रेडिओवर टिंग असा आवाज झाला, 'ही भरपाई आहे' अशी सूचना झाली, आणि मी बोलायला लागले. म्हणजे मी नाही, पण मीच!

"शैलजाबाई, तुमच्या दारात चारचाकी उभी आहे, म्हणून तुम्हाला बाजार माळावर हवाय. डोक्यावर पाटी घेऊन दोन कोस चालत येणारीला विचारा. आधी एकदा गाडीतून खाली उतरा आणि मग बोला!"

आमचे हे बाहेरून पळत आले. माझ्याकडे बघतात, रेडिओकडे बघतात. "अगं, तू इथं आहेस, मग तिथं कोण?"

माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात अगदी हेच होतं. आणि वर तो मेला तराजू बोलत होता माझ्यापेक्षा चांगलं.

मी लगेच फोन केला. "विहीणबाई, ते यंत्र हो. माझं काही मनावर घेऊ नका."

"कळतं मला," त्या म्हणाल्या. आवाज कसा, तर फ्रिजमधून काढल्यासारखा.

दुसऱ्या सोमवारी मी ठरवून गेले होते की आज तरी ठाम बोलायचं. पण समोर त्या बसल्या, डोळे सुजलेले, आणि माझी जीभ पुन्हा गुळाची झाली. पुन्हा भरपाई. या वेळी तर मी म्हणाले, म्हणजे ते म्हणालं, "ज्यांना गरिबाच्या गर्दीचा वास सोसत नाही, त्यांनी काचा वर करून बसावं."

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे फणसाची भाजी पाठवली होती. डबा परत आला. धुऊन पुसून लखलखीत, आणि रिकामा. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत हो. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. शैलजाबाईंसारख्या बाईला हे ठाऊक नाही असं होणारच नाही. मी तो डबा हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि मला रडूच फुटलं.

संध्याकाळी ईश्वरीचा फोन. "आई, काय चालवलंयस? सासूबाई धड जेवत नाहीत. गाडीची किल्ली ओंकारला देऊन टाकली, म्हणाल्या, विकून टाक. घरात कुणी कुणाशी बोलत नाही. तू बंद कर तो कार्यक्रम."

"अगं, बंद केला तर एक बाजू शून्य धरतात. तीही भरपाईच. तिसरी. केंद्र जाईल."

"मग जाऊ दे केंद्र! मला इथं राहायचंय, आई."

बरोबरच होतं तिचं. मी तबस्सुमला सांगितलं की पुढचा सोमवार शेवटचा समज, मी विहीणबाईंची माफी मागते आणि त्यांना मोकळं करते. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. शैलजाबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला, सगळं रीतीप्रमाणे. मी म्हणाले, "उद्या तुम्ही येऊ नका. केंद्र बंद पडलं तर पडलं. मला ईश्वरीच्या घराहून मोठं काही नाही."

त्यांनी गॅस बंद केला. "मी येणार आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र मला दोनदा बोललं. तुम्ही एकदाही बोलला नाहीत. मला ते जास्त लागलंय. उद्या मी तुम्हाला ऐकायला येणार. मनात असेल ते तोंडावर बोला. आणि मीही बोलणार आहे."

सोमवारी आठला आम्ही समोरासमोर बसलो. तबस्सुमनं बोट वर केलं आणि लाल दिवा लागला.

मी डोळे मिटून सुरुवात केली, कारण उघडे ठेवले असते तर पुन्हा जिलबीची माफी मागितली असती. "माझी आई याच बाजारात भाजी विकायची. चिंचेखाली तिची जागा. मी त्या टोपल्यांमध्ये झोपून मोठी झाले. आई बाजूला गेली की शेजारची मला दूध पाजायची, पलीकडची मारायचीसुद्धा. विहीणबाई, माळावर गाळे होतील, नंबर पडतील, भाडं लागेल. तिथं माझ्या आईसारखीला कोण उभं करणार? तुम्ही म्हणता रिक्षा ठेवू. चार जुड्या मेथी घेऊन येणारी बाई रिक्षानं येईल होय? तुमचा बाजार सोयीचा असेल, पण तो माझ्या आईचा नसेल!"

डोळे उघडले. काचेपलीकडे तबस्सुमनं अंगठा दाखवला. काटा पहिल्यांदा माझ्याकडे झुकला होता.

शैलजाबाईंनी माईक जवळ ओढला. मग म्हणाल्या, "माझी चारचाकी तुम्हाला दिसली ना? त्या चारचाकीत हे गेले. दवाखान्यात नाही. बाजारात."

मला काही कळेचना.

"गुरुवार होता. यांच्या छातीत दुखायला लागलं. ओंकार, ईश्वरी बाहेरगावी. मी गाडी काढली. कासार आळीच्या तोंडाला अडकले. पुढं टोपल्या, मागं टेम्पो. हॉर्न वाजवला तर लोक हसून हात करायचे, म्हणायचे, वहिनी, थांबा की जरा. मी काच खाली करून ओरडले. मग बायका धावल्या. टोपल्या उचलल्या, भाजी तुडवली, गाडी ढकलली. चिंचेपाशी पोचलो तेव्हा यांचा हात माझ्या हातात होता आणि त्यात काही नव्हतं. मी तशीच दवाखान्यात गेले. कुणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही."

"का हो?" माझ्या तोंडून निघालं.

"त्या बायकांना कळलं असतं तर? भाजी तुडवून ढकलत होत्या हो त्या! त्यांना जन्मभर वाटलं असतं की आपल्या टोपल्यांमुळे माणूस गेला. म्हणून मी रिक्षा, पार्किंग, असलं काहीबाही बोलत राहिले. पण मला तो बाजार तिथं नको आहे. दर गुरुवारी मला तो नको आहे, हेमलताबाई!"

काचेपलीकडे तबस्सुम रडत होती. रडतारडता तिनं तळहात आडवा धरून एका बाजूला पार खाली नेला. कपबशीचं पारडं जमिनीला टेकलं होतं.

माझ्या मनात आलं की आता गप्प बसावं. उठून त्यांना जवळ घ्यावं. कुठलीही बाई तेच करेल. आणि मग एकदम लख्ख कळलं. मी आत्ता गप्प बसले, तर साडेबाराला तराजू एवढंच वजन माझ्या पारड्यात टाकणार. माझ्या आवाजात, पुरेपूर तळमळीनं, साऱ्या गावासमोर त्या बाईला सांगणार की तुमचा नवरा गेला त्यात बाजाराचा काय दोष. त्या ते ऐकणार, ओंकारराव ऐकणार. केंद्र गेलं तर गेलं, पण हे मी होऊ देणार नव्हते. त्यांना जे ऐकायचं ते माझ्याकडून, माझ्या तोंडानं, त्यांच्या डोळ्यांत बघून.

"विहीणबाई," मी म्हणाले. आवाज फाटला होता. "तुमचं दुःख मला आज कळलं, आणि मला लाज वाटते की मी कधी विचारलंही नाही. पण तरी मी म्हणते, बाजार हलवू नका."

त्यांनी मान वर केली.

"होय, तरीही म्हणते! तुम्ही ओरडलात तेव्हा कोण धावलं? आपली भाजी तुडवून कुणी गाडी ढकलली? त्याच बायका ना? त्यांना तुम्ही माळावर पाठवणार. मग पुढच्या वेळी कासार आळीत कुणी ओरडलं तर रस्ता मोकळा असेल, आणि मोकळाच असेल! एक दार उघडणार नाही. रस्ता पाहिजे तर मागा, मी तुमच्याबरोबर येऊन नगरपंचायतीच्या दारात बसते. गुरुवारी एक बाजू मोकळी ठेवायला लावू, दोरी बांधू, पट्टे मारू, काय वाटेल ते करू. पण ती माणसं हलवू नका. व्याह्यांच्या शेवटच्या घटकेला तुम्ही एकट्या नव्हतात, शैलजाबाई. तुम्हाला तो बाजार नको आहे, कारण तिथं ते गेले. मला तो हवा आहे, कारण तिथं तुमच्याभोवती माणसं होती!"

"माणसं होती म्हणून काय करू मी?" त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "पाच मिनिटं आधी पोचले असते तर हे असते! ती पाच मिनिटं द्या मला!"

"ती मी नाही देऊ शकत!" मीही ओरडले. "कुणीच नाही देऊ शकत! बाजार नेलात तरी ती परत येणार नाहीत!"

मग आम्ही दोघी किती वेळ भांडलो मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, मी हट्टी आहे. मी म्हणाले, त्या घुम्या आहेत. गटारावरून, भाड्यावरून, रिक्षांवरून, कशाकशावरून भांडलो. आवाज चढवायचा नसतो, समोरच्याला तोडून बोलायचं नसतं, सगळं विसरले. शेवटी लाल दिवा गेला आणि तबस्सुम आत आली. तिनं तळहात आडवा धरून दाखवला. सरळ.

मला वाटलं होतं शैलजाबाई लगेच उठून जातील. त्या बसून राहिल्या. मीही. माझा फोन वाजला, ईश्वरीचा. मी उचलायच्या आधी त्यांनीच घेतला. "हो गं, खरं आहे ते. घरी आल्यावर ओंकारला आणि तुला सगळं सांगते. नाही, चिडले नाहीये. आत्ता ठेव, आमचं भांडण व्हायचंय अजून."

तबस्सुमनं चहा आणून दिला. कपबशीतून. तिघींनाही ते एकदमच लक्षात आलं आणि शैलजाबाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. चहा गार झाला तरी आम्ही तिथंच होतो. साडेबारा वाजले. तिघी त्या खोक्याकडे बघत बसलो. टिंग झालं नाही. तराजूपाशी बोलायला काही उरलंच नव्हतं. तबस्सुमनं डोळे पुसून दुपारची भक्तिगीतं लावली.

"माझं चुकलं का हो?" मी हळूच विचारलं. "एवढं बोलायला नको होतं."

शैलजाबाईंनी पदरानं चेहरा पुसला. "आमचं रोज भांडण व्हायचं," त्या म्हणाल्या. "पेपरवरून, मिठावरून, मतावरून. हे छत्रीवाले होते, माहितेय तुम्हाला? हे गेले आणि सगळे माझ्याशी जपून बोलायला लागले. ओंकार, ईश्वरी, शेजारी, तुम्ही. मी काहीही म्हटलं तरी, बरोबर आहे तुमचं. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी माझं चूक आहे म्हणालं."

मी त्यांचा हात धरला. तो गरम होता, आणि त्यांनी माझा घट्ट दाबला.

"पण बाजार हलायलाच हवा," त्या म्हणाल्या.

"मुळीच नाही," मी म्हणाले.